चौदाव्या लाइटच्या दिवशी

शालनला, माझ्या बायकोला, कर्करोग झाल्याचं कळलं त्या महिन्यात मी देवपूजा सोडली. देवाशी भांडलो नाही. फक्त सकाळी देवघरापाशी बसणं बंद केलं. मांडवगण फराट्याला आमची शेवंतीची शेती. वीस वर्षं पहिली ओंजळ देवाला जायची, आता सगळी फुलं बाजाराला जाऊ लागली. शालनच्या ते लक्षात आलं होतं.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या दवाखान्यात तिला लाइट, म्हणजे किरणांचे उपचार, द्यायचं ठरलं. आठवड्यातून पाच दिवस, एकूण पंचवीस वेळा, आणि खंड पडू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीची दगदग तिला झेपेना, म्हणून एक जुनी गाडी घेतली. आठवडाभर ती बरी चालली, मग आचके द्यायला लागली. जरा वेग घ्यायला जावं तर अडखळायची, कुठं थांबलं की बंद पडायची. शिरूरला दोन गॅरेजांत दाखवली. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप. दोन दिवस ठीक, पुन्हा तेच. दर आचक्याला मागच्या सीटवर आडवी झालेली शालन पोट धरायची. मला ते आरशात दिसायचं.

चौदाव्या दिवशी भीमा ओलांडली आणि राहू गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. सकाळचे साडेनऊ झाले होते, दवाखान्यात तिचा नंबर दुपारी एकचा. बॉनेट उघडून उभा राहिलो खरा, पण बघायचं काय हेच मला कळत नव्हतं. मागून शालन हळू आवाजात म्हणाली, "घरी चला. मला न्हाई करायचं आता हे." अशा एखाद्या निमित्ताची ती कितीतरी दिवस वाट बघत असावी. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही घरीच जावंसं वाटलं.

तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान गृहस्थ स्कूटरवरून पुढं गेले आणि आपण होऊन परत वळले. त्यांनी आधी शालनकडं पाहिलं, मग गाडीकडं. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते करत, आणि त्यांची शेड जवळच होती. शेतातल्या दोघांना हाक मारून त्यांनी गाडी ढकलत तिथं नेली. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. आचका थोडा पाय दाबल्यावर बसतो की पूर्ण दाबल्यावर, असं त्यांनी विचारलं. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. थोडा दाबल्यावर, मी म्हणालो.

त्यांनी काट्याचा मीटर काढला, इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या टोकाशी असलेल्या काळ्या डबीच्या वायरीला लावला आणि झडप हातानं हळूहळू उघडली. काटा चढत गेला, मधेच एका जागी शून्यावर पडला आणि पुन्हा वर गेला.

"हा थ्रॉटलचा सेन्सर," ते म्हणाले. "पाय किती दाबलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला हा सांगतो. रोज पाय जिथं असतो तिथंच आतली पट्टी झिजती. तिथं हा मुका होतो, मग पेट्रोल किती द्यायचं ते कळत न्हाई."

नवा सेन्सर पुण्याहून आणावा लागणार होता, म्हणजे संध्याकाळ. आम्ही कशासाठी निघालोय ते मी सांगितलं. शेडमागच्या कडुलिंबाखाली आमच्यासारखीच एक गाडी उभी होती, एका बाजूनं चेपलेली. तिचा काढता येईल का, असं मी विचारून बसलो. चाचा उठून घरात गेले.

त्यांच्याबरोबर त्यांची सून बाहेर आली. तिनं शालनला पाणी दिलं आणि तिच्याजवळ बराच वेळ बसली. मग सासऱ्यांना म्हणाली, "काढा, अब्बा. त्यांना पोचायचंय."

चाचांनी त्या गाडीचे दोन स्क्रू काढले. दुसऱ्या स्क्रूवर त्यांचा हात थोडा वेळ थांबला. सेन्सर आमच्या गाडीला बसवला, काटा जागेवर येईपर्यंत किंचित फिरवून आवळला. जुना हिशेब गाडीच्या कॉम्प्युटरनं विसरावा म्हणून बॅटरीची वायर दहा मिनिटं सोडून ठेवली. मग इंजिन एकसारखं चालू लागलं. मी खिशात हात घातला, त्यांनी नको म्हणून मान हलवली.

उरुळी कांचन मागं पडल्यावर शालन बोलली. "ती चेपलेली गाडी त्या सुनेच्या मालकाची व्हती, म्हाताऱ्याच्या लेकाची. हायवेला अपघात झाला, आन् दवाखान्यात न्यायला येळेवर गाडी मिळाली न्हाई, त्यातच त्यो गेला. ती म्हणली, तुम्हाला मिळालीय तर जावा." त्यानंतर घरी चला असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. पंचवीसही लाइट पूर्ण झाले.

शालन त्यानंतर अकरा महिने जगली. त्यात लेकीचं पहिलं बाळंतपण तिनं स्वतःच्या हातानं केलं. मग गेली.

तेरावा झाल्यावर मी नवा सेन्सर घेऊन राहूला गेलो. चाचांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी तो सेन्सर घेतला आणि त्या चेपलेल्या गाडीला बसवला, दोन्ही स्क्रू नीट आवळून. ती गाडी आता चालायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सून चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी तो तिथंच कडुलिंबाखाली घेतला.

ती माणसं देवानं पाठवली होती का, मला सांगता येणार नाही. मी मागितलं होतं शालनचं आयुष्य, ते मिळालं नाही. मिळाले ते अकरा महिने, आणि तेही दुसऱ्याच्या दुःखातून काढून दिलेले. काय द्यायचं नि कुठून द्यायचं, हे आता मी देवावरच सोडलंय. जड जातं, पण सोडलंय. सकाळी पुन्हा देवघरापाशी बसून चाचा आणि त्यांच्या सुनेसाठी हात जोडतो, तेव्हा स्वतःसाठी काही मागायचं माझ्या लक्षातच राहत नाही.