वय झालंय की तिचं

गेल्या रविवारी सकाळी जुळे सोलापुरात, आमच्याच अंगणात, मला माझी लाज वाटली. अजून वाटतेय... म्हणून लिहितोय.

सहा महिन्यांपूर्वी हौसेनं मोहोळच्या बाजारातून गावरान पिल्लं आणली. एक कोंबडा निघाला, चार तलंगा. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हा शब्दही मला हिराबाई मावशींनी शिकवला. मावशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात. आम्ही नवरा-बायको कामावर असताना कोंबड्यांचं दाणापाणीही त्याच बघायच्या.

त्यातली चिंगी माझ्या मुलीची लाडकी. पंधरा दिवसांपूर्वी लक्षात आलं, तिच्या पाठीकडे हात नेला की ती मटकन खाली बसते, अंग चोरून घेते. पाठीवरची पिसंही गेली होती... माझं डोकंच फिरलं. हिला नक्की कोणीतरी मारतंय! आणि दुपारी घरात असतं कोण?

मावशींना विचारलं. विचारलं कसलं, झापलंच. त्या खाली बघत एवढंच म्हणाल्या, "कुनी मारलं न्हाय, सर. वय झालंय की तिचं."

सहा महिन्यांच्या कोंबडीचं वय झालं? थापा मारू नका, असं मी तोंडावर म्हणालो. वर कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, मुक्या जिवावर हात उचलणाऱ्या बाईला घरात घेताना विचार करा. नाव लिहिलं नाही, पण आमच्याकडे कोण येतं हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. कॉलनीतली त्यांची आणखी दोन कामं सुटल्याचं कळलं, तरी मला वाटलं, बरंच झालं.

आणि रविवारी चहा घेत अंगणात बसलो होतो. परवापर्यंत धड आरवताही न येणारा आमचा कोंबडा एक पंख जमिनीला घासत चिंगीभोवती फिरायला लागला. मी कौतुकानं व्हिडिओ काढायला मोबाईल उचलला... आणि चिंगी मटकन खाली बसली. अगदी तशीच.

तो तिच्या पाठीवर चढला, चोचीनं मानेची पिसं धरली आणि दोन क्षणांत उतरलाही. पाठीवरची पिसं कुणाच्या पायांनी गेली होती तेही दिसलं. चिंगीनं अंग झाडलं आणि निवांत दाणे टिपायला लागली.

वय झालंय... म्हणजे वयात आलीय!

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. पुनरुत्पादनाचा धडा दरवर्षी न अडखळता घेतो. आणि 'सर' म्हणायच्या माणसासमोर ही गोष्ट याहून उघड कशी बोलायची, म्हणून त्या बाईनं मुकाट्यानं आळ सोसला.

त्याच दिवशी बायकोला घेऊन मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली. "असू दे, सर. तुमी कुटं कोंबड्या पाळल्यात?" म्हणाल्या. ग्रुपवरही लिहिलं, मावशींची काही चूक नव्हती, माझी होती. एका घरानं त्यांना परत बोलावलं. दुसऱ्यानं तोवर दुसरी बाई लावली होती...

मावशी सोमवारपासून पुन्हा येतायत. त्यांचे आभार कोणत्या तोंडानं मानू?

काल चिंगीनं पहिलं अंडं दिलं. मुलीनं ते पळत नेऊन मावशींच्या हातावर ठेवलं, त्या हसल्या. मग चिंगी त्यांच्या पायाशी येऊन घुटमळायला लागली, तसे मावशींनी दोन्ही हात मागे घेतले... मी समोर उभा होतो ना.