दादाचा होकार

"आत्या, ऑफिसातून थेट हॉस्पिटललाच ये," एवढंच ईशा फोनवर म्हणाली आणि मला कळलं. माझा थोरला भाऊ, सुधीरदादा, गेला होता... या गोष्टीला आता काही आठवडे झालेत.

केंद्र सरकारच्या नोकरीत दादा दिल्लीला आला आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये रमला. वहिनी लवकर गेल्या. मागे तो आणि गुरुग्रामला राहून नोकरी करणारी त्याची मुलगी ईशा, एवढेच; नोकरीसाठी मीही दिल्लीतच. दादाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. मधुमेह होता, वजन होतं, दिवसभराची खुर्ची होती; त्यातूनच लिव्हरवर चरबी साठत गेली. लिव्हर सिरोसिसचं निदान झालं तेव्हा पुण्याहून नातेवाइकांचे फोन येऊ लागले, "सुधीर घ्यायचा का गं?" दादा हसण्यावारी न्यायचा, पण लग्नकार्याला जाणं त्याने सोडलं. ओपीडीबाहेरच्या बाकांवर मात्र त्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिथे बिहारचे मास्तर, हरियाणातली आजी, कुठल्या कुठल्या राज्यांतली माणसं सुजलेली पोटं घेऊन बसलेली. "मैंने भी कभी नहीं पी, भाईसाहब," शेजारचा एक जण म्हणाला. परतताना दादा म्हणाला, "अख्खा देश आत बसलाय गं, पोट धरून."

डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलं. आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, हे ईशाने तिथेच ठरवलं. दादाने साफ नकार दिला. मग ती आली की घरात अबोला, ताटं तशीच पडलेली, दोघं दोन खोल्यांत. शेवटी तिने त्याला न विचारता तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले, "बेटी के लिवर में भी काफी चर्बी है. अभी नहीं ले सकते. पहले वजन कम करना होगा." तिशीही न गाठलेली पोर... दादाला इतकं घाबरलेलं मी त्याच्या स्वतःच्या निदानाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "घेईन तुझं लिव्हर. आधी ते नीट कर."

ईशा सामान घेऊन त्याच्याकडे राहायला आली. बाहेरून जेवण मागवणं थांबलं, संध्याकाळी कॉलनीभोवती फेऱ्या सुरू झाल्या. तिकडे दादाचे डोळे पिवळे होत चालले, पोटात पाणी साठू लागलं. ती खाली चालत असताना एकदा मी न राहवून विचारलं, "दादा, वेळेत होईल ना हे?"

"मला घ्यायचंच नाहीये," तो म्हणाला. "ती स्वतःसाठी चालणार नाही गं. माझ्यासाठी चालेल. तिला सांगू नकोस."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दादाने चेहरा सारखा केला. "आज लवकर आलीस? एक फेरी बुडवलीस वाटतं," तो तिला म्हणाला.

नव्या तपासणीत तिच्या लिव्हरवरची चरबी बरीच उतरली होती. डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलू लागले, आणि दादाला रक्ताची उलटी झाली. तो घरी परतला नाही.

त्यानंतर ईशाने चालणं सोडलं. "आता कुणासाठी?" म्हणायची. परवा दोघी मिळून क्वार्टर आवरताना मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने हातातली चादर पलंगावर ठेवली.

"म्हणजे बाबा माझ्याशी खोटं बोलत होते?"

"हो."

"रोज?"

"रोज."

तिने दाराशी जाऊन बूट घातले आणि नाड्या बांधता बांधता विचारलं, "आत्या, तू शुगर कधी तपासलीस शेवटची?"

मला आठवेना.

"अगदी बाबांसारखी आहेस," ती म्हणाली आणि माझ्या चपला तिने माझ्यापुढे सरकवल्या.