पुढे ट्रॉली, पुढे पूल

गेल्या आठवड्यात एका सकाळी शिरूरला चहा गाळत होते आणि दौंडहून शेजाऱ्यांचा फोन आला... सासूबाईंच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, नेमके आमच्याकडे राहायला आलेले. नवरा कंपनीत, मग गाडीची किल्ली मीच उचलली.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. भीती, ओढ आणि स्वतःवरचा ताबा मेंदूत वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, सारखे एकमेकांच्या कामात नाक खुपसतात, असं मुलांना सांगते. त्या दिवशी माझ्या डोक्यात तिघांचं जोरदार भांडण चाललं होतं... लवकर पोचायचं, बास. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला निघाले तर समोरून टेम्पो! कशीबशी गाडी परत आत घेतली.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांची सगळी नोकरी रेल्वे इंजिन चालवण्यात गेली. तिथे पद्धत अशी, की सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं.

त्यांनी बोट दाखवलं. "म्होरं ट्रॉली. म्हण."

"आप्पा, आत्ता काय हे..."

"म्हण की. मनात काय बी असू दे, तोंडानं म्होरचं बोलायचं."

वैतागून म्हटलं, पुढे ट्रॉली. मग स्पीडब्रेकर, मग म्हशी, मग पूल... दोघं वेड्यासारखे रस्ता वाचत निघालो. भीती काही उतरून गेली नव्हती, पण निदान मागच्या सीटवर जाऊन बसली.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, आता धोका नाही. मी तिथेच रडून घेतलं. वळून पाहते तर आप्पा खोलीच्या दाराबाहेरच उभे.

"तू जा, पोरी. तिला असं झोपलेलं... मला न्हाई बघवायचं."

तेव्हा कळलं, रस्ताभर ते एकट्या मला सावरत नव्हते.

मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. "आप्पा, पुढे दार. सिग्नल हिरवा."

आप्पा दाराकडे हात करून म्हणाले, "हिरवा," आणि आत गेले.

सासूबाई आता घरी आहेत, बऱ्या आहेत. काल मला विचारत होत्या, "हे आत येताना हिरवा हिरवा काय बडबडत होते गं?"

म्हटलं, त्यांनाच विचारा... घाबरलो होतो, हे एकदा तरी आप्पांनी तोंडानं बोलायला हवं.