होंग्याचं तेल आणि अक्काची मूठ

आनेकलच्या हंबीररावांना कुणी विचारायचीच खोटी, की ते सुरू! "जमिनीतलं तेल आटत चाललंय की नाही? मग विमानं कशावर उडणार? आपल्या होंग्याच्या तेलावर!" होंगे म्हणजे करंज. त्याच्या कडू बियांचं तेल पूर्वी दिव्याला जाई, साबणाला जाई. आता तेही कुणी मागत नव्हतं. हंबीररावांच्या तेलघाण्याची जागा गोदामासाठी मागायला माणसं येऊ लागली होती. बाजारातले थट्टा करत, "काय अण्णा, विमान दारात कधी लागतंय?" हंबीरराव मिशीला पीळ देत म्हणत, "स्वल्प थांबा."

बरं, ही नुसती बढाई नव्हती. शहरातल्या एका प्रयोगशाळेत बियांच्या तेलापासून विमानाचं इंधन करायचं काम खरोखरच चाललं होतं. तिथल्या देवश्रीनं, पुण्याहून आलेल्या तरुण शास्त्रज्ञ बाईनं, हंबीररावांकडून नमुना मागवला होता. तेल पसंत पडलं तर घाणा वर्षभर फिरणार. नाही पडलं तर गोदामवाले टपलेलेच होते.

हंबीररावांनी मोठ्या ऐटीत हंगामाचं पहिलं तेल पाठवलं. ते नापास झालं. दुसऱ्यांदा पाठवलं, तेही नापास! देवश्रीनं त्यांना बोलावून घेतलं.

"काका, रिपोर्ट बघा. तेलात मीठ आहे. मीठ राहिलं की आमची पुढची सगळी प्रोसेस बिघडते. दुसऱ्या सॅम्पलमध्ये तर पहिल्याच्या दुप्पट! तुम्ही काही मिसळता का?"

हंबीररावांचं टाळकंच सटकलं. "बाई, तीन पिढ्या घाणा चालवतोय आम्ही. भेसळ करायची असती तर आज शहरात, मल्लेश्वरमला बंगला असता आमचा!"

"चिडू नका ना. पण तिसरं सॅम्पल लास्ट. सोमवारपर्यंत द्या."

परतीच्या बसमध्ये त्यांनी जगातल्या यच्चयावत माणसांवर संशय घेऊन पाहिला. पोतीवाल्यावर, पाण्यावर, डब्यांवर. डबे तर त्यांनी स्वतः घासले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते घाण्यासमोर स्टूल टाकून पहारा देत बसले. थोड्या वेळानं सोयराअक्का आल्या. ही त्यांची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. महत्त्वाचं काम असलं की घाणा सुरू करायचा मान तिचा. अक्कांनी मिटलेली मूठ घाण्यावरून तीनदा ओवाळली, "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची दृष्ट निघू दे," असं पुटपुटल्या आणि मूठ घाण्याच्या तोंडात मोकळी केली. लोक दृष्टीचं मीठ चुलीत टाकतात. या घरात ते घाण्यात टाकायचं, अशी आईची रीत होती. चाळीस वर्षं बघण्यातलंच, त्यामुळे हंबीररावांच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

ते ताडकन उठले. "अक्का! मीठ टाकलंस?"

"मग काय साखर टाकू?"

"आणि गेल्या वेळी?"

"गेल्या वेळी दोन मुठी. पहिलं तेल परत आलं, म्हणजे केवढी दृष्ट लागली असेल, सांग की!"

हंबीररावांनी कपाळावर हात मारला. "अगं, चार लोकांत चोर ठरलो मी! तुझ्या मिठानं घात केला!"

अक्कांचा चेहरा पडला. "मीच बुडवला का रे घाणा?"

झालं, हंबीररावांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं. "बुडतोय कशाला? सापडलं ना कारण! ऊठ, फडकं आण."

दिवसभर दोघांनी घाण्याचा एकेक भाग सुटा करून गरम पाण्यानं धुतला, कोरडा पुसला. हंबीररावांना गप्प बसता आलं असतं; पण त्यांनी देवश्रीला फोन करून सगळं सांगून टाकलं. पलीकडे तिला हसू काही केल्या आवरेना. सोमवारचं तेल पास झालं.

काही महिन्यांनी त्या इंधनावर विमानाचं इंजिन चालवून बघायचा दिवस आला. दोघांना खास बोलावणं होतं. जाड काचेपलीकडे इंजिन होतं, अलीकडे सगळे घड्याळ बघत उभे. देवश्री हळूच अक्कांजवळ आली.

"अक्का, माझे हातपाय गार पडलेत. तुमची ती दृष्ट काढता?"

अक्कांच्या पदराला मिठाची पुडी बांधलेलीच होती! त्यांनी काचेअलीकडूनच मूठ ओवाळली. मग ती छातीशी घट्ट धरून, वाटेत एक कणही सांडू न देता, लांबलचक व्हरांडा ओलांडून फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्याकडेला मीठ टाकून परत आल्या.

"सरी, झालं. आता करा सुरू."

इंजिन गरजलं. काच थरथरली. हंबीररावांना हसायचं होतं, पण ते सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. अक्कांनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, तेही डाव्या हातानं. उजव्याला अजून मीठ चिकटलेलं होतं.