अक्कांनी दाबलेला रडका चेहरा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही.

धुळ्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख — अशी माझी ख्याती. गुडघा बदललेल्या रुग्णांना आम्ही तेच प्रश्न दोनदा विचारायचो, एकदा कागदावर आणि एकदा टॅबवर. दुखतं किती? जिना चढता येतो का? दोन्हीकडची उत्तरं जुळतात का, हे ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांना त्यांच्या अभ्यासासाठी पाहायचं होतं. जुळली की सर खूश. आणि सरांनी शाबासकी दिलेली मला आवडायची — लपवू कशाला?

शिरपूरकडच्या एक अक्का होत्या. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून कागद त्यांच्या मुलाने भरला. तो विचारी आणि त्या म्हणत, "बरं शे." एवढी धावपळ करून ऑपरेशन करवणाऱ्या लेकाला आई दुसरं काय सांगणार? टॅबवर मात्र प्रश्न ऐकू यायचे आणि उत्तराला चेहरे असायचे. तिथे त्या एकट्या बसल्या. दर प्रश्नाला त्यांनी रडका चेहरा दाबला.

बोट घसरलं असेल, असं मी मनाला समजावलं. दर वेळी घसरतं का हो? अक्का बाहेर बाकावरच होत्या. उठून विचारायचं होतं फक्त. मी — मी टॅबवरची उत्तरं बदलली. कागदासारखी केली.

जास्त दुखतंय असं दिसलं की सर त्याच दिवशी गुडघा तपासत. अक्का न तपासताच घरी गेल्या.

परत आल्या त्या तापाने फणफणत. गुडघ्यात पू झाला होता. बसवलेला सांधा काढावा लागला.

"आधी सांगायचं नाही का?" सर ओरडले.

"सांगेल व्हतं ना भाऊ, त्या पाटीवर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी टॅब उघडला आणि हसरे चेहरे दाखवले.

"मन्हीच चूक व्हयनी मंग," अक्का म्हणाल्या. "अडानी बाई मी, माले काय समजस!"

मी मान डोलावली. हो, डोलावली.

आता वॉकरशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. आईने चुकीचं बटण दाबलं, असं मुलगा चारचौघांत सांगतो, माझ्यासमोरही. त्यांनी बरोबरच दाबलं होतं. अक्का मान खाली घालतात आणि मी त्यांच्या पायाचा व्यायाम करून घेते.