खुर्चीच्या आतली मराठी अक्षरं

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मी नऊ वर्षं सोफे शिवले. लांज्याजवळच्या आमच्या गावात वडील गाद्या भरायचे, त्यामुळे दाभण लहानपणीच हातात आलं होतं. पण इथे दाभणाला कामच नव्हतं. फोम कापायचा, चिकटवायचा, वरून सोनेरी वेलबुट्टीचं कापड ताणायचं आणि स्टेपल मारायच्या. यल्ला, पुढचा सोफा.

अठ्ठ्याण्णव साल असावं. एका सकाळी दुकानासमोर पिकअपमधून दोन खुर्च्या उतरल्या. मागोमाग सत्तरीचं एक गोरं जोडपं आलं. बाई बोलत होत्या, साहेब गप्प. खुर्च्या ऐसपैस होत्या, पाठीला दोन्ही बाजूंनी कान काढलेले, हातांच्या टोकाला सागाचे गुळगुळीत तुकडे बसवलेले. कापड विटून धुरकट झालेलं.

आमचे उस्ताद सियालकोटचे. दुकानाचं सगळं तेच बघायचे. त्यांनी बाईंचं इंग्रजी ऐकून मला सांगितलं, "डेनमार्क का माल है, चालीस साल पुराना. फोम बिलकुल नहीं. अंदर जो निकलेगा वही वापस भरना है, सिर्फ कपडा नया."

"फोम नको? लोक तर जुनं काढून फोम घालायला येतात."

"गोरे लोग हैं भाई," उस्तादांनी हात वर केले.

पहिली खुर्ची उघडली आणि मी उगीचच तिच्यापुढे बसून राहिलो. खाली ज्यूटच्या पट्ट्या घट्ट विणलेल्या. त्यांवर स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांना बांधलेली. वर गोणपाट, मग घोड्याचे काळे कुरळे केस, आणि कडेला हाताने घातलेले टाके, एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे. कापडाखाली कधीच न दिसणाऱ्या जागी कुणी एवढं कशाला केलं असेल, मला कळेना.

दुसरी उघडली. बांधणी तीच, टाके तसेच. पण केसांच्या जागी काथ्या. आपला नारळाचा काथ्या! लाकूडही वेगळं. पहिल्या खुर्चीचा सांगाडा पांढरट, मी कधी न पाहिलेल्या लाकडाचा. हा पिवळा. पटाशीने जरा खरवडलं. फणस. आमच्या गावात देव्हारे होतात त्या फणसाचं लाकूड डेन्मार्कच्या खुर्चीत. आणि डाव्या हाताच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'डावा हात'.

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानात मराठी लिहिणारा मी एकटा. उस्तादांना उर्दू येई, बाकी तिघे बंगाली. क्षणभर वाटलं, मीच तर नाही लिहिलं? पण फळी तर आत्ताच उघडली होती. पाठीच्या पट्टीवर आणखी दोन शब्द सापडले, 'मागचं वर'. अक्षर वळणदार, शाळा झालेल्या माणसाचं.

उस्तादांना दाखवलं. ते म्हणाले, "चुप रहो. सिलो और दे दो. खलास."

पण दोन दिवसांनी जोडपं कापड निवडायला आलं, तेव्हा ती खुर्ची मधोमध उघडीच होती. बाईंनी वाकून पाहिलं. "हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"माय लँग्वेज, मॅडम," मी म्हणालो. "मराठी. बॉम्बे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मग दोघांचं त्यांच्या भाषेत सुरू झालं. बाईंचा आवाज चढला, मग एकदम हसल्यासारखा झाला, पण डोळे भरलेले. भांडतायत की हसतायत, काही समजेना. कापड न निवडताच ते निघून गेले.

"कर दिया न काम खराब?" उस्ताद म्हणाले.

मला जेवण जाईना. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात आपण काय उकरून काढलं, तेही कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी बाई एकट्या आल्या. माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि साहेबांनी घरी कबूल केलेलं मला कळेल असं सावकाश सांगू लागल्या. लग्नात दोन्ही खुर्च्या घेतल्या होत्या. मग साहेबांची नोकरी मुंबईला. बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि इकडे एका खुर्चीला वाळवी लागली. आतलं लाकूड पोखरलं, सागाचे पाय आणि हातांचे तुकडे तेवढे वाचले. साहेब घाबरले. त्यांनी एक सुतार गाठला. त्याने चांगली खुर्ची उघडून, पाहून, तशीच दुसरी उभी केली, जुने पाय लावून. बाई परत आल्या तेव्हा दोन्ही खुर्च्या जागच्या जागी.

"मी इतकी वर्षं म्हणत होते, ही खुर्ची जास्त आरामाची आहे," फणसाच्या खुर्चीकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या. "आणि हा म्हणायचा, दोन्ही सारख्याच आहेत."

"मॅडम, यू आर अँग्री?"

"मला माहीत नाही," म्हणाल्या. मग फळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "चांगला कारागीर होता का?"

"व्हेरी गुड, मॅडम. माझ्यापेक्षा."

"मग जसं होतं तसंच भर."

घोड्याचे केस पिंजून परत वापरता आले. काथ्याचा मात्र भुगा झाला होता. शारजाच्याच रोल्ला बाजारातल्या एका दुकानातून काथ्याची गादी आणली, फाडली, उकलली. दाभणाने कडा शिवताना बोटं सोलली. दोन्ही खुर्च्यांना निळसर लोकरी कापड चढवलं. पाय सागाचे डेन्मार्कचे, अंग फणसाचं मुंबईचं, आता काथ्या शारजातला. या खुर्चीला कुठली म्हणायचं, शिवता शिवता मी हाच विचार करायचो आणि टाका चुकायचा.

खुर्च्या पोचवायला मीच गेलो. बाई कॉफी करायला आत गेल्या तसे साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "विच वन इज बॉम्बे?"

मी पाहिलं. दोन्ही निळ्या, दोन्ही सारख्या. उतरवताना जागा बदलल्या होत्या. दाबून पाहिलं, अंदाज येईना. "सिट," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाने मला बसायला सांगितलं नव्हतं. कपडे झटकून आधी एकीत बसलो, मग दुसरीत.

"धिस वन," मी म्हणालो.

कॉफीचा ट्रे घेऊन आलेल्या बाई दारातच थांबल्या. "नो," त्या म्हणाल्या, "दुसरी."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. खुर्ची उलटी करून खालचं कापड उसवलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. कात्री माझ्या खिशात होती. पण तसं कर, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही, आणि मीही कात्री काढली नाही. बाईंनी कप माझ्या हातात दिला. मी बसलो होतो तिथेच बसून कॉफी प्यायलो.