हरलेल्याजवळ बसणारी नटी

आमच्या संभाजीनगरात रोबोंच्या झुंजींचा टीव्ही कार्यक्रम झाला, तेव्हा मालिकांमधली एक नटी रिपोर्टर म्हणून आली होती. ती जिंकलेल्याला सोडून आधी हरलेल्याकडे जाई आणि उंच टाचांच्या चपला काढून जमिनीवरच बसे.

माझ्या नातीच्या रोबोचं पातं पहिल्याच धडकेत निखळलं. नात रडत होती.

"कशानं तुटलं गं?" नटीनं विचारलं.

"आबांच्या वेल्डिंगनं! वाळूजच्या कारखान्यात जन्म घालवला म्हणे!"

सगळे हसले. माझा चेहरा पाहून नटीनं माईक खाली घेतला. "आबा, हे दाखवू का कापू?"

"कापा."

तिनं ते वाक्य कापलं, पण त्यामुळं टीव्हीवर चूक नातीची दिसली. म्हणून लिहून ठेवतो, वेल्डिंग माझं होतं. आता नात स्वतःच वेल्डिंग करते. मला नुसतं पत्रा धरायला बोलावते, आणि मी खुशीनं जातो.